भाडेकरूने मांडलेलं शहर

अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर अथेन्समध्ये घर नव्हतं. असणं शक्यच नव्हतं. तो मूळचा उत्तरेकडच्या स्टॅगिराचा. इ.स.पू. ३६७ मध्ये, सतराव्या वर्षी अथेन्सला आला, प्लेटोच्या अकादमीत वीसेक वर्षं राहिला, मग बारा-तेरा वर्षं बाहेर काढून ३३५ मध्ये परतला आणि लायसियममध्ये शिकवू लागला. लायसियम म्हणजे तरी काय, तर अपोलोच्या राईतली सार्वजनिक व्यायामशाळा. अथेन्समध्ये जमीनजुमला नागरिकालाच घेता येई. बाहेरच्याला घ्यायचा असेल तर नागरिकांच्या सभेचा खास ठराव लागे.

त्याचं मृत्युपत्र तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिणाऱ्या डायोजिनीस लाएर्शियसने पुढे उतरवून ठेवलं म्हणून आपल्याला वाचायला मिळतं. त्यात हर्पिलिस या सहचारिणीची सोय लावली आहे. तिला युबिया बेटावरच्या खाल्किसला राहावंसं वाटलं तर बागेलगतचं पाहुण्यांचं घर द्यावं, स्टॅगिराला जावंसं वाटलं तर वडिलांचं घर द्यावं. ती जे निवडेल ते विश्वस्तांनी तिला आवडेल अशा सामानसुमानासकट लावून द्यावं. ज्या शहरात आयुष्याची तीस वर्षं गेली, त्या शहरातल्या एका खोलीचाही उल्लेख नाही. (आपली सेवा केलेल्या पोरांना विकू नका, लायकीप्रमाणे वयात आल्यावर मुक्त करा, असंही त्यात आहे. काही माणसं निसर्गतःच गुलाम असतात असं सविस्तर मांडणाऱ्याच्या मृत्युपत्रात हे वाचताना मला दर वेळी थांबायला होतं.)

बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या अशा स्वतंत्र माणसाला अथेन्समध्ये मेटिक म्हणत. पुरुषाने वर्षाला १२ द्राख्मा कर भरायचा, एकट्या राहणाऱ्या बाईने ६. रक्कम फार मोठी नाही, मजुराच्या दहा-बारा दिवसांच्या कमाईएवढी. पण चुकवली तर गुलाम म्हणून विकलं जाण्यापर्यंत पाळी येई. शिवाय हमी घेणारा एक नागरिक हवाच. युद्ध आलं की सैन्यात भरती व्हायचं. मत मात्र द्यायचं नाही.

हे सगळं मी जरा जास्तच चवीने वाचतो, कारण पुण्यात आल्यापासून मी भाड्याच्या घरात आहे. दर अकरा महिन्यांनी नवा करार, नवा स्टॅम्प, पोलीस व्हेरिफिकेशनचा कागद. सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस लिफ्टशेजारी लागते आणि तळाला ठरलेली ओळ असते, ‘सभेस फक्त सभासदांनीच उपस्थित राहावे.’ टँकरचं काय ठरलं, लिफ्ट बदलणार की नाही, ते मला वॉचमनकडून कळतं. त्यात कुणाचा दुष्टावा नाही, नियमच तसा आहे. तरी अ‍ॅरिस्टॉटलच्या ‘पॉलिटिक्स’चं तिसरं पुस्तक वाचताना ती ओळ डोक्यातून जात नाही.

तिथे प्रश्न आहे, नागरिक कोणाला म्हणायचं? आणि सुरुवातीलाच एक उत्तर अ‍ॅरिस्टॉटल बाजूला सारतो. एखादा एखाद्या जागी राहतो म्हणून तो नागरिक होत नाही, कारण राहतात तर मेटिकही आणि गुलामही. कोर्टात दावा लावता येतो म्हणून? तो करार केलेल्या परक्यालाही लावता येतो. नागरिक तो, ज्याला न्याय करण्यात आणि सत्तापदात वाटा आहे. थोडं पुढे गेल्यावर तो होमरला साक्षीला बोलावतो. ‘इलियड’मध्ये अकिलीस संतापून म्हणतो की ग्रीक सैन्याचा सरदार अ‍ॅगमेम्नॉनने मला एखाद्या मानपान नसलेल्या उपऱ्यासारखं वागवलं. त्यावर अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो की शहरातल्या मानाच्या पदांत ज्याला वाटा नाही, तो मेटिकसारखाच.

हे लिहिणारा स्वतः मेटिक होता. हात कुठे थरथरल्याची खूण नाही. पुढच्या वाक्यात तो शांतपणे पुढच्या मुद्द्याकडे जातो. काही अभ्यासकांना यात तत्त्वज्ञाची अलिप्तता दिसते. मला वाटतं, त्याला यात वावगं काही वाटतच नसावं. सोसायटीच्या नोटिशीखालची ओळ मीही आता वाचत नाही.

पण ज्याला सभेत बसता येत नाही, त्याला एक मोकळीक मिळते. ही सभा नेमकी कशाची, असं तो विचारू शकतो. अ‍ॅरिस्टॉटलने ते मनापासून विचारलं. शहर म्हणजे भिंतीच्या आतला भाग का? मग ग्रीसच्या दक्षिणेकडच्या सगळ्या पेलोपोनीस द्वीपकल्पाभोवती भिंत बांधली तर ते एक शहर होईल का? बॅबिलोनचं उदाहरण तर त्याने अगदी मिस्कीलपणे दिलंय. म्हणतात, बॅबिलोन शत्रूने जिंकून तीन दिवस झाले तरी शहराच्या एका भागाला त्याची वार्ताच नव्हती. म्हणजे भिंत एक असून शहर एक नाही. मग शहर म्हणजे तिथली माणसं? पण माणसं मरतात, नवी जन्मतात, नदीचं पाणी बदलावं तशी. मग राज्यव्यवस्था? हुकूमशहाने काढलेलं कर्ज लोकशाही आल्यावर फेडायचं की नाही? कारण काही लोक म्हणत होते, ते कर्ज शहराने घेतलंच नव्हतं, हुकूमशहाने घेतलं होतं. अ‍ॅरिस्टॉटलचं उत्तर असं की कोरसमधली माणसं तीच असली तरी आज शोकांतिका आणि उद्या सुखात्मिका करताना तो कोरस वेगळा. तसंच व्यवस्था बदलली की शहर वेगळं. कर्जाचं काय करायचं, ते मात्र तो ‘तो निराळा प्रश्न’ म्हणून सोडून देतो. कर्ज फेडायची वेळ आली की तत्त्वज्ञ असाच काढता पाय घेतात.

शहर म्हणजे माणसं, ही कल्पना ग्रीकांत त्याच्या कितीतरी आधीपासून रुजलेली होती, आणि ती तत्त्वज्ञांनी नाही, अडचणीत सापडलेल्या सेनापतींनी बोलून दाखवली. इ.स.पू. ४८० मध्ये इराणी सैन्याने अथेन्स जाळलं तेव्हा अथेन्सकर आधीच शहर रिकामं करून समुद्राकाठी आले होते. सालामिस बेटावरच्या सेनापतींच्या बैठकीत कॉरिंथचा आदेइमान्तस अथेन्सच्या थेमिस्टोक्लीसला म्हणाला, ज्याला शहर उरलेलं नाही त्याने गप्प बसावं. थेमिस्टोक्लीसने उलट सुनावलं की माणसांनी भरलेली दोनशे जहाजं आमच्याकडे आहेत तोवर आमचं शहर नि आमची जमीन तुमच्यापेक्षा मोठी आहे. पुढे ४१३ मध्ये सिसिलीतल्या सिराक्यूजमधून माघार घेताना अथेन्सचा सेनापती निकियस हरलेल्या सैन्याला सांगतो: तुम्ही जिथे बसाल तिथे तत्क्षणी शहर उभं राहील, माणसं म्हणजे शहर, माणसं नसलेल्या भिंती आणि जहाजं म्हणजे शहर नाही. पुढच्या काही दिवसांत त्या सैन्यातले बहुतेक मारले गेले किंवा दगडाच्या खाणींत कोंडले गेले. हे भाषण आपल्यापर्यंत पोचवलं इतिहासकार थ्युसिडिडीसने, आणि तो स्वतः तेव्हा अथेन्समधून हद्दपार होता.

ऐकायला फार सुंदर आहे हे. मीही ते बरीच वर्षं सुंदर म्हणूनच वाचत होतो. पण शहर जर माणसांचं असेल तर कुणाला तरी माणसं मोजावी लागतात. भिंतीच्या शहरात शिरायला दरवाजा पुरतो. माणसांच्या शहरात शिरायला यादीत नाव लागतं.

अथेन्समध्ये ती यादी ‘डीम’कडे असे. इ.स.पू. ५०८ च्या सुमारास क्लायस्थेनीसने सगळ्या अ‍ॅटिका प्रदेशाची डीममध्ये विभागणी केली. गावं, वाड्या, शहरातल्या पेठा मिळून १३९. अठरा वर्षांचा मुलगा आपल्या डीममध्ये नोंदवला गेला की नागरिक झाला. हे डीम वंशपरंपरेने चाले, तुम्ही कुठे राहता याच्याशी त्याचा संबंध नसे. आपल्याकडे सातारकर तीन पिढ्या गिरगावात राहिला तरी सातारकरच राहतो, तसं. फरक एवढाच की आपल्या ‘कर’ला साताऱ्यात कुणी विचारत नाही, आणि तिथे डीमने नाव काढलं की माणूस शहरातूनच पुसला जाई. ४५१ मध्ये पेरिक्लीसने नियम आणखी आवळला आणि आई-वडील दोघेही नागरिक कुळातले हवेत असा कायदा आला.

इ.स.पू. ३४६-४५ मध्ये सगळ्या डीमनी याद्या तपासाव्यात असा हुकूम निघाला. त्यात हालिमस नावाच्या समुद्राकडच्या डीममधून एका माणसाचं नाव गेलं. युक्सिथियस त्याचं नाव. त्याने अपील केलं आणि कोर्टात केलेलं त्याचं भाषण प्रसिद्ध वक्ता डेमोस्थेनीसच्या भाषणांत टिकून राहिलंय. शहर म्हणजे काय हे समजून घ्यायला प्लेटोचं ‘रिपब्लिक’ वाचा असं सगळे सांगतात. मी आधी हे भाषण वाचायला सांगेन.

घडलं ते असं. डीमची सभा होती अथेन्समध्ये, हालिमसपासून ३५ स्टेडियावर, म्हणजे सहा-साडेसहा किलोमीटरांवर. शपथ घेतलेले सभासद ७३. ज्याच्याशी युक्सिथियसचं वाकडं होतं त्या युब्युलिडीसने भाषणं आणि ठरावांत दिवस घालवला. मतदान सुरू झालं तेव्हा संध्याकाळ उलटत होती, आणि युक्सिथियसचं नाव त्या दिवशी सगळ्यांत शेवटी पुकारलं. अंधार पडला होता. म्हातारी मंडळी शेतावर परतायला निघून गेली होती. तीसच्या वर माणसं उरली नव्हती, पण मोजणीत मतं निघाली साठाहून जास्त. सगळे चक्रावले, असं तो सांगतो. मलाही वाचताना हसू आलं आणि लगेच जिरलं, कारण अपील हरलं तर शिक्षा होती गुलाम म्हणून विक्री.

त्याच्यावरचे आरोप काय, तर वडिलांच्या बोलण्याला परकी ढब होती. युक्सिथियस सांगतो, होतीच. युद्धात पकडले गेले, ल्यूकस बेटावर नेऊन विकले गेले, बऱ्याच वर्षांनी सुटून आपल्या माणसांत आले. आणि आई? आई बाजारात फिती विकायची, शिवाय दाई म्हणून दुसऱ्यांच्या मुलांना पाजायची. म्हणजे ती नागरिक कुळातली नसणार. तो म्हणतो, फिती विकतो आम्ही, हवं तसं जगत नाही. गरिबी माणसाला काय काय करायला लावते. आणि मुख्य म्हणजे, बाजारात काम करतो म्हणून कोणाही नागरिकाला हिणवू नये असा तुमचाच कायदा आहे. मग चुलते, मावसभाऊ, भाऊबंद असे साक्षीदार एकामागून एक उभे करतो. निकाल काय लागला, ते भाषणासोबत टिकलेलं नाही.

माणसं म्हणजे शहर, हे निकियसचं वाक्य नोंदवणारा थ्युसिडिडीसही याच हालिमस डीमचा.

प्लेटोला हे सगळं जवळून माहीत होतं. ‘रिपब्लिक’ची सुरुवात बघा. आदर्श शहराची चर्चा अथेन्सच्या सभेच्या टेकडीवर होत नाही, नागरिकाच्या घरीही होत नाही. सॉक्रेटिस पिरेअस बंदरात बेन्डिस या थ्रेसहून आलेल्या देवीची जत्रा बघायला गेलेला असतो आणि संध्याकाळच्या घोड्यावरच्या मशाल शर्यतीसाठी त्याला थांबवून घेतात केफालसच्या घरी. केफालस सिराक्यूजचा, मेटिक, ढालींच्या कारखान्याचा मालक. न्याय म्हणजे काय, हा प्रश्न त्या घरात निघतो, आणि पहिली उत्तरं देतात केफालस आणि त्याचा मुलगा पोलेमार्कस.

ही चर्चा लिहिली गेली तोवर पोलेमार्कस मरून बरीच वर्षं झाली होती आणि प्लेटोच्या प्रत्येक वाचकाला ते ठाऊक होतं. इ.स.पू. ४०४ मध्ये अथेन्सवर तीस जणांची जुलमी राजवट आली. त्यांना पैसा हवा होता. दहा मेटिक धरायचं ठरलं. त्यातले दोन मुद्दाम गरीब, म्हणजे पैशासाठी चाललंय असं दिसू नये. पोलेमार्कसचा भाऊ लिसियस पळाला म्हणून वाचला आणि त्याने पुढे कोर्टात सगळं सांगितलं. घरातून ७०० ढाली नेल्या, १२० गुलाम नेले. मेलोबियस नावाच्या एकाने पोलेमार्कसच्या बायकोच्या कानातले सोन्याचे डूल ओढून काढले. पोलेमार्कसला खटल्याशिवाय विष प्यायला लावलं. घरात कपड्यांचे ढीग असताना प्रेतावर घालायला त्यातला एक दिला नाही. कुणी मित्राने अंगरखा दिला, कुणी उशी. आणि त्या तिसांचा म्होरक्या क्रिटियस हा प्लेटोच्या आईचा चुलतभाऊ.

हे माहीत असलं की ‘रिपब्लिक’चं दुसरं पुस्तक वेगळं वाचलं जातं. सॉक्रेटिस म्हणतो, चला, शब्दांत एक शहर पहिल्यापासून बांधू. कुणीही एकटा स्वतःला पुरा पडत नाही, म्हणून शहर जन्मतं. शेतकरी, घर बांधणारा, विणकर, चांभार: चार-पाच माणसांचं शहर. मग त्यांना अवजारं करणारा सुतार-लोहार लागतो, गुराखी लागतो, दुसरीकडून माल आणणारा व्यापारी, बाजारात बसणारा दुकानदार, अंगमेहनत विकणारा मजूर. जेवायला बार्लीच्या भाकऱ्या पानांवर मांडलेल्या. चर्चेत बसलेला ग्लॉकॉन मध्येच टोकतो, अहो तोंडीलावणं काही? सॉक्रेटिस म्हणतो, हो विसरलोच. मीठ, ऑलिव्ह, चीज, उकडलेले कांदे आणि भाज्या, गोडाला अंजीर, हरभरे, वाल, आणि विस्तवावर भाजलेली ओकची फळं, सोबत बेताने दारू. ग्लॉकॉन वैतागतो: डुकरांचं शहर वसवायचं असतं तर याहून वेगळं काय खायला घातलं असतंस?

मग ग्लॉकॉनच्या आग्रहाखातर पलंग येतात, अत्तरं येतात, गणिका येतात, जमीन कमी पडते, शेजाऱ्याची जमीन लागते, युद्ध येतं, सैनिक येतात, आणि सैनिकांना ताब्यात ठेवायला तत्त्वज्ञ राजे येतात. तत्त्वज्ञ राजांचं पुढे काय होतं ते सर्वांना पाठ आहे. मला त्यात कधी फार रस वाटला नाही. माझं मन त्या पहिल्या शहरात रेंगाळतं. सॉक्रेटिस स्वतः त्यालाच खरं आणि निरोगी शहर म्हणतो, पुढच्याला ज्वर चढलेलं. ग्रीक तत्त्वज्ञानात मला भेटलेलं हे एकमेव शहर, जिथे कुणी कुणाला तुझी आई कोण असं विचारत नाही. चांभार हवा आहे, तू चांभार आहेस, ये. ग्लॉकॉनला ते डुकरांचं वाटलं. तो अथेन्सच्या बड्या घराण्यातला, शिवाय प्लेटोचा सख्खा भाऊ. केफालसच्या घरात बसून, केफालसचं जेवण समोर येणार असताना तो हे म्हणत होता.

अ‍ॅरिस्टॉटलने यादीचा प्रश्न आणखी एका बाजूने सोडवला, आवाजाच्या. शहर केवढं असावं? दहा माणसांचं शहर होत नाही आणि लाखाचं शहर शहर राहत नाही. एवढ्या गर्दीचा सेनापती कोण होईल, आणि होमरच्या काव्यातल्या स्टेंटॉर या दणदणीत आवाजाच्या माणसाचा गळा असल्याशिवाय तिला दवंडी कोण ऐकवेल? एकमेकांना ओळखल्याशिवाय न्याय नीट होत नाही आणि पदंही योग्य माणसांना जात नाहीत. त्याच ओघात तो सांगतो की फार गर्दीत परके आणि मेटिक नागरिकत्वात सहज घुसतात, कुणाच्या लक्षातही येत नाही. मला हे वाक्य त्याच्या तोंडी सहन होत नाही, खरं सांगायचं तर. ३२३ मध्ये त्याचा एकेकाळचा शिष्य, मॅसिडोनियाचा राजा अलेक्झांडर वारल्याची बातमी आली, मॅसिडोनियाविरुद्ध शहर पेटलं, आणि अ‍ॅरिस्टॉटलवर धर्मद्रोहाचा आरोप आला. तो गुपचूप खाल्किसला निघून गेला आणि पुढच्या वर्षी वारला. त्याचा शिष्य थिओफ्रास्टस, तोही मेटिक; त्याला मात्र गुरूच्या पश्चात अथेन्सचा कारभार पाहणाऱ्या फालेरमच्या डेमेट्रियसच्या मदतीने अथेन्समध्ये स्वतःची बाग मिळाली.

अ‍ॅरिस्टॉटलच्याच काळात आणि त्याच्या पुढच्या पिढीत काही उपऱ्यांचा सूर मात्र वेगळा दिसतो. सिनोपहून हाकललेला डायोजिनीस, कुठला रे तू, या प्रश्नाला ‘विश्वाचा नागरिक’ असं उत्तर देतो. आता त्याचे टीशर्ट निघतात, तेव्हा ते बेघर माणसाचं उद्धट उत्तर होतं. सायप्रसमधल्या किटियमचा झेनो, स्टोइक पंथाचा प्रवर्तक, अथेन्समध्ये शिकवत होता तो बाजारपेठेच्या कडेला, एका चित्रांनी सजवलेल्या सार्वजनिक ओसरीत. त्याने आपलं ‘रिपब्लिक’ लिहिलं. ते हरवलं, पण विरोधकांनी नाकं मुरडत त्यातलं जे सांगितलं त्यावरून कळतं की त्याच्या शहरात देवळं नव्हती, न्यायालयं नव्हती, व्यायामशाळा नव्हत्या, देवघेवीला नाणंसुद्धा नको होतं.

गंमत म्हणजे अथेन्सने याच माणसाला नागरिकत्व देऊ केलं आणि त्याने नको म्हटलं. आपल्या गावाचा अपमान होईल म्हणून, असं चरित्रकार प्लुटार्क सांगतो. स्नानगृहाच्या डागडुजीला त्याने पैसे दिले होते. देणगीदारांच्या शिळेवर ‘तत्त्वज्ञ झेनो’ असं कोरलं गेलं, तेव्हा त्याने ‘किटियमचा’ हे जोडायला लावलं. कार्ल्याच्या चैत्यगृहातही काही खांबांवर असेच देणगीलेख आहेत: धेनुकाकटचा यवन अमुक, याचं दान, खांब. हे यवन वंशाने ग्रीक होते का यावर वाद आहे, धेनुकाकट नेमकं कुठे यावरही आहे. देणाऱ्याला मात्र गावाचं नाव खांबावर हवं होतं.

झेनो गेल्यावर अथेन्सच्या सभेने ठराव केला: सोन्याचा मुकुट, आणि केरामायकसच्या दफनभूमीत सरकारी खर्चाने थडगं. ठरावात त्याचं नाव पूर्ण लिहिलंय, म्नासियसचा मुलगा झेनो, किटियमचा.